गाठीचं नाव काय?

पेण किंवा रोह्याच्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर तासभर बसा, एक प्रश्न कानावर येतोच. कुणाच्या मानेत, काखेत, पायावर गाठ आलेली असते. डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितलेली असते. सोबत आलेली बहीण किंवा सासू आवाज खाली आणून विचारते, "सुई टोचली की गाठ भडकते म्हणतात, खरं का?" कुणी म्हणतं, गाठीला लोखंड लावू नये. कुणी ओळखीच्या एखाद्याचं उदाहरण देतं, तपासणी केली आणि सहा महिन्यांत माणूस गेला.

त्या उदाहरणातला माणूस तपासणीमुळे गेलेला नसतो. बहुतेक वेळा तो तपासणीला फार उशिरा पोचलेला असतो. पण भीती खरी आहे, आणि तिच्यापायी महिने वाया जातात. म्हणून आधी तिलाच उत्तर देऊ.

१. सुई काय करते?

या तपासणीची सुई रक्त काढायच्या सुईइतकीच किंवा तिच्याहून बारीक असते, बाहेरून साधारण ०.६ मिलिमीटर. ती गाठीत दोनचार वेळा मागेपुढे फिरवली की तिच्या पोकळीत काही हजार पेशी अडकतात. त्या काचेवर टाकून पसरवायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. भूल लागत नाही, टाका पडत नाही, माणूस त्याच पावली एसटीने घरी जातो. इतक्या बारीक सुईच्या वाटेने कर्करोग पसरणं ही अत्यंत विरळ घटना आहे. काही मोजक्या ठिकाणी मात्र डॉक्टर स्वतःच सुई टाळतात. अंडकोषातली संशयास्पद गाठ त्यांपैकी एक, आणि कुत्र्याच्या आतड्यातल्या फीतकृमीमुळे माणसाच्या यकृतात होणारी पाण्याची गाठ ही दुसरी. म्हणजे कुठे टोचायचं नाही हेही या शास्त्राला ठाऊक आहे.

पेशी पाहून काय कळतं? आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, तसंच हे आहे. निरोगी पेशींत एक शिस्त असते. सगळ्या जवळपास एका मापाच्या आणि मधलं केंद्रक लहान, गोल. कर्करोगाच्या पेशींत केंद्रक फुगतं, गडद होतं, वेडंवाकडं होतं, आणि शेजारच्या दोन पेशी एकमेकींसारख्या दिसेनाशा होतात. जाणत्या नजरेला एवढ्यावरून पुष्कळ कळतं.

पण भात सगळीकडे सारखा शिजलेला असेल तरच शिताची साक्ष खरी. सुई गाठीतल्या मेलेल्या भागात गेली किंवा नुसतं रक्तच आलं, तर अहवालात "नमुना अपुरा" असं लिहून येतं. हे वाचून घरची मंडळी म्हणतात, "काही निघालं नाही, देवाची कृपा." ही समजूत घातक ठरू शकते. नमुना अपुरा म्हणजे प्रश्नाला अजून उत्तर मिळालेलं नाही, तपासणी पुन्हा करायची आहे.

२. चिमूटभर माती आणि अख्खी मूर्ती

पेणच्या कारखान्यात मूर्ती घडवणाऱ्या कारागिराच्या तळहातावर मातीची चिमूट ठेवली, तर ती शाडूची की प्लास्टरची हे तो क्षणात सांगेल. मूर्ती बैठी होती की उभी, सोंड कुठल्या बाजूला होती, हे मात्र चिमटीवरून त्याला सांगता यायचं नाही. त्यासाठी मूर्ती किंवा निदान तिचा मोठा तुकडा हवा.

सुईची तपासणी म्हणजे ही चिमूट. गाठीचा तुकडा किंवा अख्खी गाठ काढून तपासणं, ज्याला सगळे बायोप्सी म्हणतात, ती मूर्ती पाहणं झालं. पहिल्यात सुट्या पेशी दिसतात. दुसऱ्यात पेशींची मांडणी दिसते, कोण कुणाशेजारी बसलंय आणि कुणी कुणाची हद्द ओलांडलीय ते.

हद्दीवरून निदान ठरतं असं नेमकं उदाहरण गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचं आहे. तिच्यात पुटकांची, म्हणजे ग्रंथीतल्या बारीक पिशव्यांची, गाठ होते, ती साधी असू शकते किंवा कर्करोगाची. दोन्हींतल्या पेशी दिसायला अगदी सारख्या. फरक एवढाच की साधी गाठ आपल्या वेष्टणाच्या आत राहते आणि कर्करोगाची गाठ वेष्टण किंवा रक्तवाहिनी फोडून बाहेर शिरते. सुईतून आलेल्या पेशींना वेष्टण कुठलं? म्हणून अशा वेळी डॉक्टर गाठ काढायला सांगतात, आणि तिच्या कडेकडेने अनेक काप घेऊन कुठे भगदाड पडलंय का हे शोधतात. "सुईत कळलं नाही म्हणजे लॅब वाईट" असा निष्कर्ष इथे काढला, तर तो लॅबवर अन्याय होईल.

३. मानेतली एकच गाठ, तीन नावं

समजा, रोह्याजवळच्या गावातली २२ वर्षांची मुलगी. मानेच्या उजव्या बाजूला दोन महिन्यांपासून सुपारीएवढी गाठ, संध्याकाळी कणकण, वजन थोडं उतरलेलं. हाताला लागते ती फक्त गाठ. तिचं नाव क्षय असू शकतं, लसिकाग्रंथीचा कर्करोग असू शकतो, किंवा शरीरात दुसरीकडे असलेल्या रोगाची ती शाखा असू शकते. सोनोग्राफी अंदाज देते, नाव देत नाही.

सुई घातली आणि दाट, पांढरट, नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा ऐवज आला, तर डॉक्टरांच्या मनात क्षयरोग येतो. काचेवर पुढची खूण शोधतात. क्षयाचा जंतू सहजासहजी मरत नाही, तेव्हा शरीराच्या रक्षक पेशी त्याच्याभोवती गराडा घालून बसतात. लांबट पेशींचं असं कोंडाळं दिसतं. काही पेशी एकमेकींत मिसळून एक राक्षसी पेशी होते आणि तिची केंद्रकं घोड्याच्या नालेसारखी कडेला ओळीने बसतात. हा गराडा म्हणजे जंतूंशी चाललेल्या लढाईचा पुरावा. खुद्द जंतू त्यात दिसतीलच असं नाही.

जंतू पाहायला वेगळा रंग लागतो. क्षयाच्या जंतूभोवती मेणचट आवरण असतं. तापवलेला लाल रंग एकदा आत शिरला की आम्लाने धुतला तरी तो सोडत नाही, आणि निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. पण त्या दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. फुप्फुसाच्या क्षयात थुंकीत ते मिळतात, ग्रंथीत कमी असतात. म्हणून "जंतू दिसले नाहीत" या वाक्याने क्षय नाही असं ठरत नाही. त्याच सुईतला थेंब जनुकीय तपासणीला पाठवला, तर जंतू थोडे असले तरी काही तासांत पत्ता लागू शकतो, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल का तेही कळतं. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

आता एक फसवी जागा. हॉजकिन नावाच्या लसिकाग्रंथीच्या कर्करोगातही कधीकधी असेच गराडे दिसतात. त्याची ओळख घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन ठळक केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशींवरून पटते. अशा पेशी गर्दीत मोजक्याच असतात, सुईच्या वाट्याला त्या न येणं अगदी शक्य असतं. म्हणून क्षयाची औषधं नीट घेऊनही गाठ हटत नसेल, तर आणखी औषधं देत राहण्यापेक्षा अख्खी ग्रंथी काढून तपासणं शहाणपणाचं.

आणि क्वचित काचेवर ध्यानीमनी नसलेला पाहुणा सापडतो. दुसऱ्याच कारणासाठी सुई घातलेली असते आणि पेशींच्या मध्ये वळणदार रेघेसारखं हत्तीरोगाच्या कृमीचं पिल्लू पडलेलं असतं. दंडातल्या लहानशा गाठीतून स्वच्छ पाणी आणि एक नागमोडी पातळ पापुद्रा येतो, तो डुकरातल्या फीतकृमीच्या अळीचा निघतो. "आम्ही डुकराचं मांस कधी खाल्लं नाही" असं घरचे सांगतात आणि ते खरंही असतं. स्नायूत अळी बसायला कृमीची अंडी पोटात जावी लागतात. ती माणसाच्या विष्ठेतून माती-पाण्यात येतात आणि न धुतलेल्या भाजीवरून ताटात.

४. चित्रकार डॉक्टर आणि काळे दाणे

शरीररचनेवरचं 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' हे पुस्तक १८५८ साली लंडनमध्ये निघालं. त्यातली चित्रं काढणारा हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला. शेजारच्या जे. जे. रुग्णालयात त्याने पाय सुजून वेडेवाकडे झालेले रुग्ण पाहिले. पावलावर छिद्रं पडलेली, त्यातून पू आणि पुवात मोहरीच्या पुडीसारखे कण. मद्रास इलाख्यातल्या मदुरेला १८४२ मध्ये या रोगाची नोंद झाली होती, म्हणून त्याला मदुरा फूट म्हणत. हाडांच्या क्षयासारखा तो काहीतरी असेल असा तर्क चालायचा.

कार्टरने ते कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि डोळ्यांना दिसलं ते काढलं. तंतूंचं जाळं होतं, बुरशीचं. १८६० च्या सुमारास त्याने या रोगाला मायसेटोमा हे नाव दिलं आणि १८७४ मध्ये त्यावर सचित्र ग्रंथ लिहिला. रोगाचं कारण ऊतीतच दडलेलं असतं, पाहणाऱ्याने ते पाहायला हवं, ही गोष्ट मुंबईत इतक्या आधी सिद्ध झाली याचं मला फार अप्रूप वाटतं. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला तो त्यानंतर, १८८२ मध्ये.

पुढे कळलं की मायसेटोमा दोन तऱ्हेचा असतो. एक खरोखर बुरशीचा, दुसरा बुरशीसारखे तंतू करणाऱ्या जिवाणूंचा. पाय दोन्हींत सारखाच दिसतो, उपचार मात्र अगदी वेगळे. जिवाणूंचा असेल तर प्रतिजैविकांचा लांबचा कोर्स देऊन पाय वाचतो. बुरशीचा असेल तर प्रतिजैविकं निरुपयोगी. बुरशीची औषधं महिनोन्‌महिने घ्यावी लागतात आणि बहुधा शस्त्रक्रियाही.

फरक कसा करायचा? आधी कणांचा रंग. काळे कण जवळजवळ नेहमी बुरशीचे, लाल कण जिवाणूंचे, पांढरे-पिवळे दोन्हींचे असू शकतात. मग तंतूंची जाडी. माणसाचा केस ७० मायक्रॉन जाड धरा, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बुरशीचा तंतू २ ते ५ मायक्रॉन, जिवाणूचा १ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. म्हणजे केसाच्या जाडीत बुरशीचे १४–३५ तंतू शेजारी शेजारी मावतील, जिवाणूंचे ७० किंवा जास्त. माणसाचा पाय राहील की जाईल हे इतक्या छोट्या मापावर ठरतं.

हा रोग कोरड्या प्रदेशांत जास्त दिसतो, म्हणून कोकणातल्या डॉक्टरांच्या मनात तो चटकन येत नाही. पण अनवाणी पाय आणि मोडलेला काटा या त्याच्या दोन्ही वाटा इथेही आहेत. पेणच्या खारेपाटात बांधावर, रोह्याच्या वरच्या अंगाला रानात राबणारी माणसं काटा मोडला तर सुईने काढतात आणि कामाला लागतात. बुरशी आत राहिली तर गाठ दिसायला महिने, कधी वर्षं लागतात, आणि तोवर काटा विसरलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मायसेटोमाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं, म्हणजे कार्टरच्या ग्रंथानंतर १४२ वर्षांनी.

५. नाकातलं डाळिंब

एक पाहुणा असा आहे की त्याला प्रयोगशाळेच्या कुठल्याही बशीत वाढवता आलेलं नाही. नाकात लालसर, स्ट्रॉबेरीसारखा कोंब येतो, हात लागला की रक्त येतं, वर बारीक पांढरे ठिपके. तळ्यात डुंबणारी मुलं, नदीतली वाळू काढणारे लोक यांच्यात तो अधिक आढळतो. नाव ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. ब्वेनोस आयरेसच्या गियेर्मो सीबर याने १९०० मध्ये आपल्या प्रबंधात त्याचं वर्णन केलं. जवळपास शतकभर त्याला बुरशी समजत होते. १९९९ च्या सुमारास जनुकं वाचली तेव्हा कळलं की तो जलचरांत रोग करणाऱ्या एका वेगळ्याच कुळातला आहे.

जंतू वाढवता येत नाही, त्यामुळे निदान मुख्यतः काढलेल्या तुकड्यावरच होतं, आणि काचेवर एकदा पाहिलं की तो विसरता येत नाही. दाणे ठासून भरलेल्या डाळिंबासारख्या गोल पिशव्या, कधी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या मोठ्या. वरून दिसणारे पांढरे ठिपके म्हणजे याच पिशव्या. उपाय म्हणजे कोंब मुळापासून काढून बूड जाळणं. नाकातला साधा मांसल कोंब समजून वरवर खुडला, तर तो पुन्हा येतो. म्हणून नाकातून काढलेली वस्तू कितीही साधी दिसली तरी बाटलीत जावी, बादलीत नाही.

६. तुकड्याचा काप कसा होतो

"रिपोर्टला आठ दिवस कशाला?" हा हक्काचा प्रश्न. तुकडा आधी फॉर्मेलिनमध्ये मुरावा लागतो, म्हणजे सडणं थांबतं आणि तो घट्ट होतो. त्यातलं पाणी काढून त्याच्या जागी वितळलेलं मेण भरतात. मग मेणाच्या ठोकळ्याचे काप काढतात, साधारण ४ मायक्रॉनचे. पेणच्या पापडाची जाडी अर्धा मिलिमीटर धरली, म्हणजे ५०० मायक्रॉन, तर एका पापडाच्या जाडीत असे १२५ काप बसतील. पापड पातळ लाटणाऱ्या बाईला या कामातली कारागिरी सांगावी लागणार नाही. काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घेतात आणि रंगवतात. केंद्रकाला निळाजांभळा रंग देणारं हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतं. बाकीच्या पेशीला इओसिन गुलाबी करतं. हाड असेल तर त्यातला चुना आम्लाने काढण्यात आणखी दिवस जातात. एवढं झालं की खरं काम, पाहणं, सुरू होतं.

दुर्मीळ गाठींत एवढ्याने भागत नाही. लहान मुलाच्या हाडातली एखादी गाठ घ्या. कापात नुसत्या लहान, गोल, निळ्या पेशींची दाटी. हा यूइंगचा सार्कोमा असू शकतो, लसिकापेशींचा कर्करोग असू शकतो, स्नायूंच्या कोवळ्या पेशींचा असू शकतो. सगळी पोरं एकाच गणवेशात, शाळा कुठली ते कळत नाही. मग बिल्ला वाचायचा. पेशीवरच्या ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटणारं प्रतिद्रव्य कापावर सोडतात, चिकटलं तिथे तपकिरी रंग उमटतो. एका बिल्ल्यावर विसंबायचं नाही, चारपाच एकदम पाहायचे, कारण दोन शाळांचा एखादा बिल्ला सारखा असतो. या तपासण्या तालुक्याच्या गावी होत नाहीत, म्हणून मेणाचा ठोकळा मोठ्या केंद्रात जातो. ठोकळा वर्षानुवर्षं टिकतो. दुसरं मत हवं असेल तर लॅबकडे काचा आणि ठोकळा मागता येतो, त्यात संकोच नको.

यातलं एक मोठं केंद्र रायगड जिल्ह्यातच आहे, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक. त्याचं मूळ १९५२ मध्ये परळला सुरू झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये, आणि ते उभारलं डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळा सांभाळताना खानोलकर नुसती काच पाहून थांबत नसत. रोगी कसा राहतो, काय नेसतो, तंबाखू कशी घेतो, हे ते विचारत. १९४५ मध्ये त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी चालीरीतींशी जोडलेल्या कर्करोगांवर निबंध लिहिला. त्यातला एक धोतराचा कर्करोग. कमरेला त्याच जागी वर्षानुवर्षं करकचून गाठ मारली की त्वचा आधी रंग सोडते, जाड होते, चिरते, आणि क्वचित त्या जखमेत कर्करोग होतो. पुढे साडीच्या बाबतीतही तेच नोंदवलं गेलं.

आपल्याकडे आजही नऊवारी कासोट्याने कसून नेसणाऱ्या वयस्क बाया गावोगाव आहेत. त्यांच्या कमरेवर काळसर-पांढरा पट्टा असतोच, तो काही रोग नाही. पण त्या पट्ट्यात जखम होऊन दीडदोन महिने भरत नसेल, कडा उचलल्यासारख्या झाल्या असतील, तर मलम बदलत बसू नये, तुकडा तपासावा. आजी दाखवायला लाजते. विचारायला घरातल्या सुनेनेच हवं.

७. बाटली आणि कागद

गाठ लहान गावात काढली जाते आणि नाव मोठ्या गावात मिळतं. मधला प्रवास कधी गाडीने, कधी नातेवाइकाच्या पिशवीतून होतो, आणि पुष्कळ निदानं या वाटेवरच बिघडतात. तुकडा नुसत्या पाण्यात ठेवला की रात्रीत कुजतो. बाजारातल्या फॉर्मेलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असं मिश्रण हवं, तेही तुकड्याच्या दहापट. बाटली रुंद तोंडाची हवी, कारण ताजा तुकडा दाबून आत जातो पण मुरून कडक झाल्यावर बाहेर येत नाही. नाव बाटलीच्या अंगावर लिहायचं, झाकणावर नाही. झाकणं बदलतात. जंतूची शंका असेल तर तुकड्याचा एक भाग वेगळ्या निर्जंतुक बाटलीत सलाइनमध्ये पाठवायचा, फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात आणि मग वाढवायला काही उरत नाही.

सोबतचा कागदही तितकाच महत्त्वाचा. एकाच पावलाचे दोन कागद समजा. पहिल्यावर लिहिलंय: "पायाची गाठ. कर्करोग?" दुसऱ्यावर: "वय ४५, भातशेती, अनवाणी काम. उजवं पाऊल दीड वर्षापासून सुजलेलं. दोन छिद्रांतून अधूनमधून काळे कण येतात. तीन वर्षांपूर्वी बाभळीचा काटा मोडला होता."

पहिला कागद वाचणारा डॉक्टर कर्करोग शोधतो. तो सापडत नाही, आणि अहवाल जातो, "जुनाट सूज". दुसरा कागद वाचणारा तुकड्याचे आणखी काप मागवतो, एक कण सापडेपर्यंत ठोकळा कापत राहतो, आणि बुरशीच्या भिंती काळ्या करणारा चांदीचा रंग त्याच संध्याकाळी लावून ठेवतो.